आईच्या शेजारची जागा

"अजून जास्तच भरतंय, पप्पा," माझा नवरा दर्शन म्हणाला. तो बॅग छातीशी धरून बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभा होता. "एकतर वॉशर काढा, नाहीतर कपडे."

"कपडे काढा. दोन शर्ट बास झाले. तिथं मला कोण बघायला येतंय?"

"गेल्या वर्षी हेच म्हणालात," मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "आणि परत आलात ते दुसऱ्याच कुणाचा शर्ट घालून."

"दुसऱ्याचा न्हाई, तिथल्या चर्चच्या पाळकाचा. त्यांनी प्रेमानं दिला. माझा मी आणखी कुणाला प्रेमानं दिला होता."

दर्शननं बॅग खाली ठेवताच आमची लेक शेरॉन तिच्यात जाऊन बसली. "आजोबा, टेक मी! आय ॲम ओन्ली सिक्स्टीन केजी!"

"सोळा किलोचा वॉशर? बाप रे. दर्शनराव, हिला काढा, न्हाईतर इमान उडायचं न्हाई."

ऑक्टोबर २००३ मधला शुक्रवार होता. आखातात रविवार कामाचा, म्हणून आमची मराठी उपासना शुक्रवारी दुपारी शारजाच्या चर्चमध्ये व्हायची. मल्याळी उपासना सुटून आमची सुरू होईपर्यंत अंगणात दोन्ही भाषांचा गलका असे. त्या दिवशी मंडळीनं पप्पांसाठी प्रार्थना केली होती. दुसऱ्या दिवशी ते आफ्रिकेतल्या मलावीला निघणार होते. दरवर्षीप्रमाणे एक महिना. कंपनीची सगळी रजा.

चर्चहून परत आलो तेव्हा बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर पप्पा थांबले आणि भिंतीवरची अरबी नोटीस वाचू लागले. पप्पांना अरबी वाचता येत नव्हतं. मी पुढे गेले नाही, त्यांना काही विचारलंही नाही. त्यांची नोटीस वाचून होईपर्यंत मी पर्समध्ये किल्ली शोधत उभी राहिले.

आता बॅगेतून कपडे निघाले आणि चामड्याचे वॉशर आत राहिले. ते त्यांनी आठवडाभर माझ्या पातेल्यात तेलात भिजत घातले होते. हातपंपाच्या नळीत खोलवर हे वॉशर बसतात. ते झिजले की दांडा नुसता वरखाली होतो, पाणी येत नाही.

"आईच्या दगडाचं काय ठरलं?" मी विचारलं.

पप्पांनी बॅगेची चेन हळूहळू ओढली. आई, प्रमोदिनी साळवे, १९९५ मध्ये नगरला वारली. तिथल्या ख्रिस्ती कबरस्तानात ती आहे. शेजारची जागा पप्पांनी तेव्हाच स्वतःसाठी ठेवून घेतली होती. आईच्या डोक्याशी अजून लाकडी क्रूसच होता आणि त्यावरचं नाव पावसानं गेलं होतं. या वर्षीची रजा नगरला काढायची, दगड बसवायचा, असं त्यांनी मला ईस्टरला सांगितलं होतं.

"पुढच्या वर्षी नक्की. इन्शाल्ला."

"पप्पा, इन्शाल्ला काय?"

"आगं, वीस वर्षं झाली हितं. जिभेला वळण पडलं. देवाला कळतं ना, मग झालं." मग चेन शेवटपर्यंत ओढत ते म्हणाले, "तिथले दोन पंप बंद पडलेत, ममे. पावसाला अजून वेळ आहे. तुझ्या आईला घाई न्हाई."

मी पातेलं घासायला घेतलं.

सकाळी मी निघाले तेव्हा ते चहात खारी बुडवून खात बसले होते. मी एका भारतीय शाळेत ग्रंथपाल होते, माझी बस लवकर यायची. "पोचल्यावर फोन करा," मी म्हटलं. "करतो. यल्ला, पळ, बस जाईल तुझी," ते म्हणाले. खारीचा तुकडा कपात पडला होता, तो ते चमच्यानं काढत होते. त्यामुळे त्यांनी वर पाहिलं नाही.

पप्पांचं नाव आत्माराम साळवे. बहात्तरच्या दुष्काळात ते जालन्याकडे मिशनच्या बोअरिंगच्या गाडीवर लागले आणि हातपंपाचं काम शिकले. पुढे शारजाला आले. इथे त्यांचं काम उलटं होतं. नव्या इमारतींच्या पायाच्या खड्ड्यात खारं पाणी झिरपतं, ते उपसून फेकायचे पंप ते चालू ठेवत. "वर्षभर पाणी फेकतो," ते म्हणत, "एक महिना तरी पाजावं."

आई गेल्याच्या पुढच्या वर्षी आमच्या मंडळीनं मलावीतल्या सरोवराकाठच्या एका गावी हातपंप द्यायचं ठरवलं, आणि तो बसवायला पप्पा गेले. मी एकोणीस-वीस वर्षांची, नगरला काकांच्या घरी राहून शिकत होते. आईनंतरची पहिली रजा ते माझ्याकडे येतील असं मी धरून चालले होते.

पंप लागला. गोड पाणी आलं. गावातल्या चर्चच्या आवारात, भिंतीच्या आत, म्हणजे गुरं चिखल करणार नाहीत. फोटो आले, ते आमच्या चर्चच्या बोर्डावर लागले. दुसऱ्या वर्षी पप्पा तो पंप पाहायला गेले आणि परत आल्यावर उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, उभे राहिले. मी तेव्हा सुट्टीत शारजाला आले होते, मागच्या बाकावर होते. लोक टाळ्या वाजवायच्या तयारीनं बसले होते.

"माझ्याकडून चूक झाली," पप्पा म्हणाले. "त्या गावात अर्धी घरं मुसलमानांची. त्या बायका आत येत न्हाईत. कोणी आडवलं न्हाई त्यांना. पण फाटक चर्चचं, भिंत चर्चची. एक बाई बाहेर बादली घेऊन हुभी होती. आतली कोणी येईल, भरून देईल, म्हणून वाट बघत होती. माझी आज्जी अशीच हुभी राहायची. गावच्या विहिरीवर. तिला वर चढू देत नव्हते. मी तिच्या लुगड्याला धरून हुभा असायचो. आणि मीच जाऊन भिंतीच्या आत पंप लावून आलो."

मंडळीचे खजिनदार रामचंद्र भालेराव बाहेर आल्यावर वैतागले. "आत्मारामभाऊ, फोटो बघून लोकांना किती बरं वाटलं होतं. हे सांगायची काय गरज होती?"

"फोटोत भिंत आली नव्हती," पप्पा म्हणाले.

बोअर हलवता येत नाही. भिंत हलवता येते. अठ्ठ्याण्णवमध्ये ते त्यासाठी गेले. तिथल्या चर्चच्या वडील मंडळींना भिंत पाडणं मान्य नव्हतं. पप्पा रोज एकेकाच्या घरी जाऊन बसत. त्यांच्याबरोबर एस्नाथ फिरी नावाची बाई असे. ती तिथल्या शाळेत शिकवायची, पप्पांचं इंग्रजी तीच लोकांना समजावून सांगे. त्या भागातल्या पंपांच्या दुरुस्तीचं कामही पप्पांनी तिला आणि इतर बायकांनाच शिकवलं. "पुरुष कामाला बाहेरगावी जातात," ते म्हणत, "पाणी बायका भरतात. मग पान्हा त्यांच्याच हातात पाहिजे."

त्याच महिन्यात माझ्या लग्नाची मागणी ठरली होती. पप्पा तोवर परत येणार होते. त्याऐवजी बाजारपेठेच्या गावातून त्यांचा फोन आला.

"ममे, भिंत अर्धी पडलीय. आता सोडून आलो तर परत बांधतील गं. मागणी थोडी पुढं…"

"दर्शनकडची माणसं पुण्याहून निघालीसुद्धा, पप्पा."

"मग काका बसतील का माझ्या जागी?"

"बसतील. काही हरकत नाही."

माझ्या आवाजात राग नव्हता. राग दिसू द्यायचा नाही हे मी तेव्हाच शिकले होते आणि त्याचा मला अभिमानही होता. लग्नाला ते आले, वेळेवर आले, उन्हानं काळे पडून आले. लग्नानंतर मीही शारजाला आले आणि आम्ही एकाच घरात राहू लागलो. ते मलावीहून परतले की जेवणाच्या टेबलावर फोटो मांडत. दर्शन बघे, शेरॉन बघे. माझं नेमकं तेव्हाच गॅसवर काहीतरी असे.

शाळेच्या ग्रंथालयात मात्र मी त्या देशावर मिळेल ते वाचलं. लांबट सरोवर, त्यातले रंगीत मासे, मक्याचं पीठ शिजवायची रीत, मिशनऱ्यांच्या जुन्या आठवणी. ऍटलासमध्ये ते गाव नव्हतं, पण कुठे असेल ते मला बोट ठेवून दाखवता आलं असतं. घरी मी याचा शब्द काढला नाही. का, ते आज नीट सांगता येत नाही. बहुधा मला वाटत होतं, त्यांनी आधी विचारावं.

बातमी शाळेतच आली. ते निघाल्यानंतरच्या बुधवारी, मधल्या सुट्टीत. ऑफिसातल्या मरियमबी धावत येऊन म्हणाल्या, "ममता, तुम्हारे लिए बाहर का फोन है."

एस्नाथचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिनं माझं नाव विचारून खात्री केली. मग सांगितलं, सकाळी दुसरा पंप उघडला होता. पप्पांनी स्वतः नळ्या वर ओढल्या नाहीत, बायकांनाच ओढायला लावल्या. मग आंब्याखाली बसून "तुम्ही बसवा, मी नुसता बघतो" म्हणाले. बसवून झाल्यावर बायका त्यांना सांगायला गेल्या, तर ते उठले नाहीत.

"मला ते घरी हवेत," मी म्हटलं. पहिलं वाक्य तेच निघालं.

"हो," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगते."

दुसऱ्या दिवशी घरात माणसं होती. चहा कोणीतरी करत होतं. पाळक बाबाजी उजागरे दर्शनबरोबर फोनवर फोन लावत होते. शेवटी ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"बाई, स्पष्ट सांगतो. शवागार जिल्ह्याच्या ठिकाणी, रस्ता दिवसभराचा. तिथं वीज टिकत नाही. मग राजधानी, मग कागद, मग विमान, मग मुंबई, मग नगर. होईल. आपण करू. पण किती दिवस लागतील, आणि तोवर आत्मारामभाऊंचं काय होईल, ते मला सांगता येत नाही."

"आईच्या शेजारी जागा ठेवलीय त्यांनी. स्वतः ठेवलीय."

"ठाऊक आहे."

"मग ती रिकामी ठेवायची?"

दर्शन हळूच म्हणाला, "ममता, तिथल्या लोकांचं काय म्हणणं आहे ते तरी ऐकून घे."

"आठ वर्षं तेच ऐकतेय," मी म्हटलं. शेरॉन माझ्या गुडघ्याला चिकटली. "मम्मा, इज आजोबा स्टक देअर?" तिनं विचारलं.

दुपारी एस्नाथचा पुन्हा फोन आला. मिशनचा मोबाइल होता, आवाज तुटत होता. पप्पा चर्चमध्ये होते. बायका रात्रभर त्यांच्याजवळ बसल्या होत्या, ख्रिस्ती-मुसलमान दोन्हीकडच्या. नेण्यासाठी गाडी तयार ठेवली होती. पण गावच्या प्रमुखानं एक निरोप सांगायला लावला होता, तेवढा ती सांगणार होती.

"मिशनच्या कबरस्तानात परदेशी लोकांना पुरतात," ती म्हणाली. "गावाचं वेगळं आहे. तिथं झाडं आहेत, ती आम्ही तोडत नाही. तिथं फक्त गावची माणसं असतात. प्रमुख म्हणतात, त्यांना तिथं ठेवू. पण मुलीनं हो म्हटल्याशिवाय कुदळ लावायची नाही. तू नाही म्हणालीस तर कोणी काही बोलणार नाही. आम्ही त्यांना गाडीत ठेवू आणि गाणी म्हणत रस्त्यापर्यंत येऊ."

मी खिडकीशी गेले. समोरच्या प्लॉटवर नवी इमारत उठत होती. पायाच्या खड्ड्यातून जाड पाइप बाहेर आला होता आणि पाणी रस्त्याकडेच्या गटारात पडत होतं. पंप कोणीतरी चालू ठेवला होता.

मला तो नगरला यायचा प्रवास दिसला. राजधानीच्या कुठल्यातरी गोदामात पप्पा. मुंबईच्या विमानतळावर शिक्क्यासाठी थांबलेले पप्पा. आणि मग आईच्या शेजारी, माझ्या मनासारखे. एवढ्या सगळ्यानंतर एकदाचे माझ्या मनासारखे.

"एस्नाथ," मी म्हटलं, "ते तिथं कधी म्हणाले होते का? राहावंसं वाटतं म्हणून?"

ती खोटं बोलली असती तर मला चाललं असतं.

"नाही," ती म्हणाली. "ते तुझ्याबद्दल बोलायचे. माझी मुलगी खूप वाचते, म्हणायचे. ती इथं आली तर तुमच्या शाळेत पुस्तकांची खोली करील. मी म्हणायचे, मग आणा तिला. ते म्हणायचे, तिला आवडत नाही हे. तिला विचारून त्रास कशाला द्यायचा."

दर्शन माझ्याकडे बघत होता. पाळकसाहेबांनी चष्मा काढला होता.

"हो म्हणते मी," मी म्हटलं. "प्रमुखांना सांगा, मुलगी हो म्हणते. गावच्या जागेत."

ती तिच्या भाषेत मोठ्यानं काहीतरी बोलली. मागून पुष्कळ आवाज आले, मग शांत झाले. "आमच्याकडे चेहरा झाकण्याआधी घरचं माणूस बोलतं," ती म्हणाली. "मी फोन त्यांच्या कानाशी धरते. तुझ्या भाषेत बोल. कोणाला कळणार नाही."

पलीकडे पावलं वाजली. नंतर काहीच ऐकू येईना. दूरवर एक कोंबडा आरवला, भलत्याच वेळी.

"पप्पा," मी म्हटलं. "राहा तिथं. आईला मी सांगते. दगड मी बसवते."

खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. मला वाटलं, झालं, एवढंच. एस्नाथनं फोन काढला नव्हता. तो अजून त्यांच्या कानाशीच होता.

"तुम्ही मला विचारायचं होतं, पप्पा," मी म्हटलं. "मी आले असते."