सारूबाईची माती

“माती दे म्हने! गोंडाइनीवानी पुरू का तुले?” मनकर्णा मेलेल्या आईवरच खेकसली. मग अंगणातल्या लाकडांकडं पाहून चुलत्यावर घसरली, “अन् हे काय आनलं नानाजी? माह्या मायले जाळाले ढलप्याच भेटल्या का?”

आलापल्लीच्या लाकूडडेपोसमोर तिची खानावळ. जेवण झणझणीत, जीभ त्याहून. बिनखवल्याचा मासा खाणारे तिच्या लेखी घाणेरडे. मिठात घालून रक्त न काढता मटण रांधणारे रानटी. भांडी घासणारी माडिया बुधरी तर सगळंच खाते, म्हणून तिचं पान बाहेर, जांभळीखाली. “आपल्यात असं चालत नाई,” हे पालुपद. आपण म्हणजे तेली, दुसरं कोण? बापानं मुंबईकडून आणलेली सारूबाईही तेलीणच, असं सारूबाईच सांगायची.

आईलाही तिनं सोडलं नव्हतं. शनिवारी म्हातारी चुलीला हात लावायची नाही. गिऱ्हाइकं म्हणत, शनीचा उपास. मनकर्णा म्हणे, आळस. शुक्रवारी सांजच्याला म्हातारी खिडकीत वेगळा दिवा लावायची. तिची पाठ वळली की मनकर्णा तो फुंकून टाकी. तेल काय आभाळातून पडतं?

आणि आज, शुक्रवारीच, पहाटे जीव जाता जाता म्हातारी म्हणाली होती, “मले आगीत टाकू नको. माती दे.”

“मरताना मानूस काहीबी बोलते,” नानाजी म्हणाले. “पुरलं त समाजातलं एक कुत्रं तुह्या पंगतीले येनार नाई. उचला रे तिरडी!”

ओसरीवरून एलोजी नागावकर उठले. मुंबईचे, रस्त्याच्या मोजणीला आलेले, महिनाभर इथंच जेवत.

“बाई, म्हातारीनं माती मागितली?”

“तुमाले काय कराचं?”

“दाराच्या चौकटीला बोटं लावून त्या ती ओठांना लावायच्या. खवल्यांचाच मासा, शुक्रवारचा दिवा, शनिवारी चूल बंद. माझी आई हेच करते. आम्ही ज्यू, बेने इस्राएल. कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद. गाव शनवार तेलीच म्हणायचं.”

“कायचे ज्यू अन् फ्यू! माही माय—”

“मी विचारलं होतं त्यांना. रडल्या. म्हणाल्या, लेकीला सांगू नका. ती माझंही पान जांभळीखाली मांडील.”

मनकर्णा वळून जांभळीकडं पाहू लागली. 

नानाजी मागं सरकले. “अरे देवा! म्हंजे इतके वर्स आमी कोनाच्या हातचं जेवलो?”

मनकर्णा कडाडली, “चाटून-पुसून जेवले, नानाजी! तिसऱ्यांदा भात मांगताना जात आठवली नाई काऊन? न्या तुमच्या ढलप्या. घरी चुलीले कामी येतीन.”

अंगण रिकामं झालं. कोणी मागं वळूनही पाहिलं नाही, आणि तिनंही कुणाला थांब म्हटलं नाही.

“दिवस बुडायच्या आत उरकायला हवं,” एलोजी हलकेच म्हणाले. “दिवस बुडला की आमचा शनिवार लागतो, त्यात माती देत नाहीत.”

बुधरीचा नवरा इसरू फावडं घेऊन आला. बुधरीनं अन् मनकर्णानं मिळून म्हातारीला न्हाऊ घातलं. किती हलकी होती. ओढ्यापलीकडं, मोहाच्या झाडाजवळ, एलोजी न कळणाऱ्या भाषेत पुटपुटले, आणि मनकर्णानं मूठभर माती टाकली.

परतली तेव्हा सूर्य टेकला होता. तिनं खिडकीतला दिवा पुसला, तेल घातलं, जरा सांडेस्तोवरच, आणि वात पेटवली. पुढं काय म्हणायचं असतं, ठाऊक नव्हतं. आईनं ते कधी मोठ्यानं म्हटलंच नव्हतं.

जांभळीखाली बुधरीचं कालचं उष्टं पान वाऱ्यानं हललं. मनकर्णा ते उचलायला निघाली आणि जाता जाता, सवयीनं, दिव्यावर वाकली.

गाल फुगलेले तसेच राहिले. मग तोंड बाजूला वळवून, ज्योत हलणार नाही इतक्या हळू, तिनं श्वास सोडला.