पिठातलं पाऊल

भीमादादाच्या दहाव्याला संध्याकाळी, त्याला शेवटचं निजवलं होतं त्या जागेवर आईनं पीठ चाळलं, शेजारी पणती लावली आणि वर पाटी पालथी घातली. गेलेला माणूस पुढचा जन्म कोणता घेणार ते सकाळी पिठात उमटतं, असं आमच्याकडे मानतात. पक्ष्याचा पंजा, गाईचा खूर, जे असेल ते. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. पीठ रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीचं होतं, लालसर.

दादा पाझर तलावाच्या कामावर माती खणताना दरड कोसळून गेला. त्या दिवशी त्याच्या अंगात कणकण होती. "तरी हिनं धाडला," असं आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, आणि 'ही', म्हणजे अंबिकावहिनी, तिथंच भिंतीला टेकून बसलेली असायची. दादा स्वतःहून गेला होता, हे मी दोनदा सांगून पाहिलं. आईला ते नको होतं. दहावा झाला की वहिनीला माहेरी पोचवायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. वहिनीला जायचं नव्हतं. भावाच्या घरात तिची गणती आधीच खाणाऱ्या तोंडांत होत होती. इथं निदान दादाचा सदरा खुंटीवर होता.

सकाळी चुलते आप्पासाहेब यांनी पाटी उचलली. पिठात तान्ह्या बाळाचं पाऊल होतं. एकच, ठसठशीत. आप्पासाहेबांनी हात जोडले आणि मनुष्यजन्म आहे, तोही याच घरात, असा निर्वाळा दिला. जमलेल्या बायांनी डोळ्याला पदर लावले. दादा गेल्यापासून आईनं वहिनीकडे सरळ पाहिलं नव्हतं. आता ती उठली, वहिनीपाशी गेली आणि तिच्या पोटावर हात ठेवला.

मी आदल्याच वर्षी प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो होतो. पाऊल दिसलं की वाकून बघायची सवय होती. बाळाची नखं पिठात रुतत नाहीत. इथं पाचही बोटांच्या टोकांशी नखांच्या बारीक कोरी होत्या. तळवा मूठ आडवी टेकवल्यावर उमटतो तसा होता, आणि चवड्याच्या कडेला एक जादा खाच होती. विळ्यानं कापल्यापासून आईची उजवी करंगळी पुरती मिटत नाही. गौरी येतात तेव्हा उंबऱ्यापासून आत आई मुठीनं जी पावलं काढते, त्या प्रत्येक पावलात ही खाच असते.

मी आईच्या तोंडाकडे पाहिलं. लबाडी शोधत होतो. लबाडी दिसली नाही. स्वतःच्या हातानं केलेलं तिनं रात्रीतून खरं मानलं होतं. मी गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर वहिनीला त्याच दिवशी निघावं लागलं असतं.

मग आमच्या घरात एक विचित्र सुबत्ता आली. वहिनीचं खडी फोडायला जाणं बंद झालं. दुष्काळी कामावर खायला मिळालेली सुकडी आई पदरात बांधून तिच्यासाठी आणायची. दादा लहानपणी कसा उताणा झोपायचा, ते तिला सांगायची. वहिनी खाली मान घालून खायची.

एका सकाळी वहिनी गोठ्यात बसलेली दिसली. जनावरं छावणीत गेली होती, गोठा रिकामाच होता. बाहेर बसायला आमच्या घरातल्या बाया तिथंच बसतात, त्यामुळे कुणी काही विचारायची गरज नव्हती. आई दारात उभी राहिली.

"दोनदा गिळलास माझा ल्योक," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

वहिनीची अंघोळ झाल्यावर तिला सुप्याच्या फाट्यावर पोचवायचं माझ्याकडे आलं. रस्त्यात मी तिला त्या पावलाबद्दल सगळं सांगितलं, नखांपासून खाचेपर्यंत. ती चालायची थांबली नाही.

"मला म्हाईत हाय भाऊजी. आत्याबाई पाटीखाली हात घालत हुत्या तवा मी जागीच हुते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलला?" थोडं चालल्यावर ती म्हणाली, "माझं दिस वर गेलं हुतं. म्हटलं, हात का आत्याबाईंचा असंना, खरं व्हईल."

एस. टी. आली. तिनं गाठोडं आधी आत टाकलं, मग चढली.

घरी आलो तर आई दादाला निजवलं होतं त्याच जागेवर बसली होती. मी परातीत पीठ घेतलं, तिच्यापुढं ठेवलं आणि गौरीचं एक पाऊल काढायला सांगितलं. तिनं का म्हणून विचारलं नाही. मूठ टेकवली, वर बोटं उमटवली. खाच आली.

"कुणाचं पाऊल हे?" मी विचारलं.

आईनं परात जवळ ओढली.

"गौरीचं," ती म्हणाली. मग तिनं हाताच्या कडेनं पीठ गोळा केलं आणि डब्यात परत भरलं. भाकरीला लागणार होतं.