कुळाच्या प्राणांवरची शपथ

सन २००३ च्या जानेवारी महिन्याच्या अकराव्या तारखेस, शनिवारी सकाळी, कोहिमा जिल्ह्यातील मेझोफेमा गावी ग्रामपरिषदेची बैठक भरली. मी परिषदेचा चिटणीस. गावाने एकच उमेदवार ठरवावा आणि सगळी मते त्यालाच द्यावीत, हा आमचा रिवाज. तेव्हा चार वेळा आमदार झालेल्या झासिविखोंचे अवघे राजकारण त्या सकाळी पणाला लागले होते.

त्यांच्यावर आक्षेप एकच होता: निवडून येताच पक्ष बदलणे. तीनदा त्यांनी तो बदलला, आणि प्रत्येक वेळी गावाच्या रस्त्याचे कारण दिले. रस्ता, हे नमूद केले पाहिजे, खरोखर झाला होता.

ते बसेनात. चुलीपासून दारापर्यंत येरझारा घालत होते.

"अरे, बस की! जमीन झिजली," लाल शाल पांघरलेले गावबुढे, म्हणजे गावचे प्रमुख, पेलहौखो म्हणाले. "पुन्हा पक्ष बदलणार नाहीस, एवढी शपथ घे. कुळाच्या प्राणांवर."

"घेतो की. आत्ता घेतो."

परंतु आमच्यात अशी शपथ एकट्याची नसते. ती मोडली तर कुळातले कोणीही दगावते, असे आम्ही मानतो. म्हणून साऱ्या कुळाची संमती लागते. चर्चला हे मान्य नाही. तरी अशा शपथेच्या वेळी आमचे पाद्रीही चार पावले दूरच उभे राहतात.

कूळ अंगणात जमले. एकेकाने होकार दिला. झासिविखोंची नव्वदीची आत्या नेइखोनुओ खदखदून हसली.

"माझा जीव खुशाल घाल रे, तसाही फार उरला नाही! पण हिचाही मोजलास ना?" तिने झासिविखोंच्या पुतसुनेच्या पाठीवर बांधलेल्या दोन महिन्यांच्या मुलीकडे बोट केले.

शपथ घेताना दातांखाली धरायचे मातीचे ढेकूळ झासिविखोंनी उचलले. मुलगी जागी होती. मूठ चोखत होती.

"काका," ते पेलहौखोंना म्हणाले, "पाच वर्षांचं कोणी सांगावं? एका वर्षाची घेतली तर?"

"बघा! माझ्या जिवापाशी नाही अडला मेला," आत्या म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

"बरं, दोन वर्षं." ढेकळाचा झासिविखोंच्या मुठीत भुगा झाला होता.

त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालतो. खोटी शपथ घेऊन ते पाचव्यांदा आमदार होऊ शकले असते. ती त्यांनी घेतली नाही.

पेलहौखो माझ्याकडे वळले.

"लिही. झासिविखो आपल्या गावाचे उमेदवार नाहीत."