जाहिरातीतला ख्रिसमस

१९९२च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या एका खेळण्यांच्या दुकानात मॅनेजरने वत्सलाला विचारलं, "तू हिंदू आहेस. जाहिरातीत ‘ख्रिसमस’ लिहिलं तर तुम्हा लोकांना खटकेल का?" नुकतीच कामाला लागलेली वत्सला हसून म्हणाली, "मुळीच नाही. लिहा की!" मॅनेजर इतका खूश झाला, की त्याने जाहिरातीत तिचाच फोटो छापला.

तिथे नऊ वर्षं काम करणाऱ्या कुमुदिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती तडक मॅनेजरकडे गेली. "आम्हा हिंदूंना वाईट वाटतं. तो शब्द काढा." खरं तर तिच्या घरी दरवर्षी ख्रिसमस ट्री असायचं.

मॅनेजरने शब्द काढला, फोटो तसाच ठेवला. ‘ख्रिसमस’ गायब आणि वर हिचा फोटो, म्हणजे हिच्यामुळेच शब्द गेला असं समजून गिऱ्हाइकं वत्सलालाच बोलू लागली. "आमचा सण तुला खुपतो का?" एका म्हातारीने विचारलं. वत्सला स्टाफरूममध्ये येऊन रडली. "कुमुदताई, मी तर लिहा म्हणूनच सांगितलं होतं हो!"

कुमुदिनीला ते बघवेना. तिने मॅनेजरकडे जाऊन आपलं खोटं कबूल केलं आणि शब्द परत आला.

त्यानंतरही कुणी वत्सलाचं कौतुक केलं, की कुमुदिनीच्या पोटात दुखायचं. फक्त आता ती गप्प राहायची.