एका हाताचं हँडल

"काका, हात टेका, हात!" लवू वॉचमन ओरडेपर्यंत नंदकुमार सायकलीसकट आडवा झाला होता. हात टेकणार कसा? डावा हात त्याने स्वतःच पट्ट्याला बांधून घेतला होता.

सायकल तरी कसली. दोन जुन्या सायकली कापून जोडलेली लांब फ्रेम, मधे पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची, पेडल पार पुढे. उताणं पडून चालवायची. पडलं तरी फार उंचावरून पडत नाही, एवढाच तिचा गुण सोसायटीने मान्य केला होता.

"तुमचा पण डावा हात गेला काय?" लवूने घाबरून विचारलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी चौथ्या मजल्यावर पोचली आणि जयंतीवहिनी शहाळं घेऊन आल्या. नंदकुमारने खुलासा केला नाही. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी दार वाजवलं होतं.

हात गेला होता तो तिसऱ्या मजल्यावरच्या भीमराजचा. मुलुंडहून कांजूरमार्गच्या कारखान्यात दोघं अठ्ठावीस वर्षं सायकलीने गेले. नंदकुमारने लग्न केलं नाही. बोलायला भीमराज होता, तेवढ्यावर भागलं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर भीमराजचा पाय बराचसा परत आला, हात आला नाही. आता रविवारी त्याची मुलगी रोशनी त्याला नाशिकला नेणार होती. कायमचं.

"उचलून रिक्षात बसवतात, धरून उतरवतात. सामान झालोय यार," भीमराज म्हणाला होता. "जायच्या आधी एकदा स्वतःच्या पायाने कुठंतरी जाऊ दे."

म्हणून तीन आठवडे ही खटपट. पुढचं चाक धरणारा चिमटा ज्या नळीत फिरतो ती नळी किती कलती ठेवायची, एवढाच प्रश्न. नंदकुमार फरशीवर खडूने दोन फुल्या मारी. नळीची रेघ तशीच खाली नेली तर जमिनीला लागते ती एक, चाक टेकतं ती दुसरी. फुल्या जवळ असल्या तर हळू चालवता येते, पण हँडल भरकटतं, कोणीतरी दोन्ही हातांनी धरायला लागतं. लांब असल्या तर चाक आपलं आपण सरळ होतं, एक हात पुरतो. पण ते वेग आल्यावर. तोवर हँडल बाजूला कोसळत राहतं, आणि सोसायटीच्या आवारात वेग यायच्या आधी पाण्याची टाकी येते. नंदकुमार अकरा वेळा पडला.

शनिवारी दुपारी त्याने फुल्या जवळ आणल्या. म्हणजे भीमराज सावकाश पेडल मारेल, आपण शेजारून हँडल धरून चालू, दोघं मिळून जाऊ. हे त्याला फार आवडलं. चहा गार होईपर्यंत तो त्या फुल्यांकडे बघत बसला. मग उठला, ग्राइंडरने नळी पुन्हा कापली आणि फुल्या लांब केल्या.

रविवारी सकाळी मिठागराच्या बाजूचा रस्ता रिकामा होता. रोशनी हाताची घडी घालून उभी.

"काका, बाबा पडले तर?"

"नाही पडणार."

"तुम्ही पडलात ना अकरा वेळा?"

"तेव्हा रस्ता नव्हता."

"नंद्या," खुर्चीत आडवा होत भीमराज म्हणाला, "झोपल्या झोपल्या गटारात जायचं तेवढं राहिलं होतं बघ आयुष्यात."

नंदकुमारने खुर्चीची पाठ धरली आणि ढकलत पळायला लागला. हँडल डावीकडे कोसळलं, उजवीकडे कोसळलं.

"धर! सोडू नको रे!"

"धरलंय! तू पेडल मार!"

चाक सरळ होतं तो वेग, त्रेसष्ट वर्षांचा माणूस पळू शकतो त्यापेक्षा थोडा जास्त होता. हे नंदकुमारला कालच कळलं होतं. श्वास पुरेना, गुडघ्यात कळ आली, आणि खुर्ची हाताला ओढायला लागली. त्याने सोडलं.

"सोडू नको हां, नंद्या!" पुढून आवाज आला. उताण्या माणसाला मागे बघता येत नाही. "सोडू नको!"

हँडल जागच्या जागी स्थिर होतं. सायकल पुढे लहान होत गेली. मग लांबून, मोठ्याने, "अरे हरामखोर!" आणि त्यापाठोपाठ हसणं.

रोशनी धावत आली. "काका, वळतील ना ते?"

"वळेल." नंदकुमारला धाप लागली होती. "पण मोठं वळण लागेल त्याला. बाजूला हो."

ती कडेला झाली. नंदकुमार रस्ता सोडून खालच्या चिखलात उतरला, आणि अजून एक पाऊल मागे सरकला.