दिवा वाढवताना

लाखेचा तांबडा थेंब जमालच्या कागदावर टपकला. पारशी डॉक्टरांनी त्यावर शिक्का दाबला आणि मेणबत्ती तशीच जळती ठेवून दुसरा कागद पुढे ओढला.

"केरू गोताड."

राहीने नवऱ्याच्या पाठीला हलकेच हात लावला, तसा तो बाकावरून उठला. हातखंब्याहून मांडवीच्या बंदरापर्यंत दोघं बैलगाडीने आली होती. कार्तिक चालू होता. तुळशीपुढे दिवा लावल्याशिवाय राहीने घर सोडलं नव्हतं.

केरू आणि जमाल मुंबईच्या बंबखान्यात एकाच बंबावर होते. कापसाची वखार पेटली तेव्हा दोघेही आत शिरले. जमालचा हात भाजला; केरूच्या छातीत धूर शिरला तो शिरलाच. नोकरीपायी अधू झालेल्याला खात्याकडून दरमहा मदत मिळे, आणि कोण अधू ते ठरवायला खात्याचे डॉक्टर मुंबईहून बोटीने आले होते. जमालचा हात टेबलावर ठेवताच दिसला. छाती टेबलावर कशी ठेवायची?

डॉक्टरांनी नळी लावून ती बराच वेळ ऐकली. मग केरूला दम लागतोय असं पाहून ते राहीकडे वळले.

"बाई, तुजा नवरा काय काम करत होता?"

"आगी वाढवायचे," राही खाली मान घालून म्हणाली.

डॉक्टरांचा चष्मा नाकावर घसरला. "वाढवायचा? आमी पगार देते विझवायचा, नि हा वाढवायचा?"

जमाल फिसकन हसला. "सायब, विझवायचा म्हणजेच वाढवायचा. वैनीच्या तोंडी तो अभद्र शब्द यायचा नाय. त्यांच्याकडं दिवा वाढतो, बांगडी वाढते, नारळसुद्धा वाढतो."

"मग जेवण?"

"ता पण वाढतातच!"

केरूसुद्धा ओठांत हसला. डॉक्टरांनी मान हलवली आणि टाक दौतीत बुडवला.

"आता खरं बोल बाई. घरी याला खोकला किती येते?"

राहीचा चेहरा उजळला. "घरी? घरी येत नाय. गणपतीपासून एकदापण ढास लागली नाय. देवाची दया."

जमालने भाजका हात कपाळावर मारून घेतला. "वैनी, तुमी आमच्या बाजूच्या का खात्याच्या?"

"दिवा लावून आल्येय जमालभाव. खोटा कसा बोलू?"

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "छातीत घरघर आहे, पन ती विडी ओढनाऱ्याला बी असते. घरी खोकला नाय तर मानूस बरा झाला. मी काय लिहू?"

कागद बाजूला सरकला. बाहेर परतीच्या बोटीचा भोंगा वाजला. केरू सदऱ्याची बटणं लावू लागला. एक बटण दोनदा चुकलं.

डॉक्टरांनी लाखेची कांडी पेटीत टाकली आणि वाकून मेणबत्तीवर फुंकर मारली.

"अगो बाई!" राहीच्या तोंडून निघून गेलं. ज्योतीवर तोंडचा उष्टा वारा!

वातीतून धुराची एक बारीक रेघ उठली, वाकडी झाली आणि केरूकडे गेली. बटणावरचा हात तिथेच थांबला. मग त्याला जी ढास लागली ती थांबेना. टेबलाची कड धरून तो खाली खाली वाकत गेला, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठल्या. जमालने खिडकी उघडली. राहीने तांब्या त्याच्या ओठांना लावला. निम्मं पाणी तिच्याच पदरावर सांडलं.

श्वास जागेवर आला तेव्हा डॉक्टर त्याच्या पाठीला नळी लावून उभे होते.

"एवड्याशा धुराने?" ते म्हणाले. "घरी दिवा कोन... काय ते... वाढवते?"

"मी. पण फुंकून नाय. फुलाच्या देठानं वात तेलात दाबली की धूर होत नाय."

"नि चूल?"

"मागल्या दारी, फणसाखाली नेली. हे मळ्यात गेले की रांधून घेत्ये."

"मला म्हणालीस, घरात उकडतं," केरू घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"उकडत व्हताच की."

"देवाला धूप?" डॉक्टरांनी विचारलं.

राहीने ओल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "फुलं वाहत्ये," ती म्हणाली. "देवाला चालतात."

केरू तिच्याकडे पाहत राहिला. गावच्या हवेने आपल्याला गुण आला, असं तो वाडीभर सांगत फिरला होता.

डॉक्टरांनी कागद पुन्हा ओढला. बोटीचा दुसरा भोंगा झाला, तरी त्यांचा टाक थांबला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते मराठीत सांगितलं, "नोकरीतल्या धुराचा आजार. बरा झालेला नाय. बायको घरात धूर होऊ देत नाय, म्हनून जगतो."

"हा कागद भाजक्या हातापरास भारी झाला!" जमाल म्हणाला.

मेणबत्ती पुन्हा पेटली तसा केरूने पंचा नाकाशी धरला. लाख टपकली, शिक्का उमटला. डॉक्टर सवयीने वाकले, त्यांनी ओठांचा चंबू केला, आणि ते तसेच थांबले. मग त्यांनी मेणबत्ती टेबलावरून राहीकडे सरकवली.

"बाई, तू वाढव."

राहीने अंबाड्यातलं झेंडूचं फूल काढलं आणि देठाने वात हळूच पातळ मेणात दाबली. ज्योत गेली. धूर काही आला नाही.

केरूने पंचा खाली घेतला.

"आज देवाला धूप लाव," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी बसेन बाहेर, फणसाखाली."

"तिथं चूल हाय," राही म्हणाली.