शनिवारचं तेल

मी मल्लखांब बोलतोय. मी सरळ उभा असतो, पण माझ्याशी ओळख वाढवायची तर माणसाला उलटं व्हावं लागतं.

जन्म सांगलीचा, लाकूड सागाचं. सुताराने मला खाली जाड, वर निमुळतं तासलं आणि टोकाला मान काढून तिच्यावर गोल बोंड घडवलं. जयपूरला बदलून आलेल्या मराठी बँकवाल्यांनी हौसेने ट्रकमधून आणलं आणि तिलक नगरातल्या व्यायामशाळेत पुरलं. सुरुवातीला फार कोडकौतुक झालं. मग मुलं कोचिंगला लागली आणि माझ्यावर लोकांचे टॉवेल वाळू लागले.

त्यातून मला सोडवलं ज्ञानदाने. वडील विमा कंपनीत, बदलीवर आलेले. पोरगी मराठी बोलताना अडखळते, माझ्यावर मात्र तिचं पाऊल अडखळत नाही. पडली, खरचटली, रडली, नाक पुसून पुन्हा चढली. खरं सांगतो, अशी जिद्दीची पोर मी दुसरी पाहिली नाही.

यंदा जयपुरात आंतरराष्ट्रीय मल्लखांब स्पर्धा भरली. पंचांनी ठोकून बघून मलाच निवडलं आणि उपटून स्पर्धेच्या मंडपात नेऊन रोवलं. घरच्या खांबाचा फायदा एकट्या ज्ञानदालाच नको, म्हणून मुख्य पंच शामराव यांनी बाहेरच्या सगळ्या खेळाडूंना आठवडाभर माझ्यावर सराव करू दिला. माणूस काटेकोर. मला आवडला.

शनिवारी अंतिम फेरी होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ज्ञानदा पहिली होती आणि फक्त जपानची हारुका खेळायची राहिली होती.

सगळे पुरी-भाजीकडे पळाले आणि ज्ञानदाची आई, जयंतीताई, स्टूल घेऊन माझ्याकडे आल्या. शनिवार मारुतीचा, आणि आमच्या खेळाचं दैवतही मारुतीच. त्यांनी माझ्या बोंडावर वाटीभर तिळाचं तेल वाहिलं. ‘‘माझ्या लेकीला सांभाळलंस, आता त्या जपानच्या लेकरालाही सांभाळ रे बाबा,’’ म्हणाल्या आणि हात जोडून निघून गेल्या.

मला तेल लावतात हे खरं, पण ते एरंडेल, तेही चोळून चोळून जिरवलेलं. हे तेल तर ओघळत होतं! मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

हारुका आली, नमस्कार करून सपकन वर चढली. आता ती बोंडावर एका पायावर उभी राहणार होती. तेवढ्यात मॅटच्या कडेला बसलेल्या ज्ञानदाला माझ्या मानेवरची चकाकी दिसली. गप्प बसली असती तर सुवर्णपदक तिचंच होतं.

‘‘रुको! थांबा! उतरवा तिला!’’ ओरडत ती थेट मॅटवर धावली.

हारुका घसरत खाली आली. तळवे तेलाने माखलेले, पण पोर धडधाकट. लगेच गलका झाला, यजमानांनीच तेल ओतलं म्हणून. ज्ञानदाने माझ्यावर बोट फिरवून वास घेतला, तो घरच्या देवघरातल्या तिळाच्या तेलाचा निघाला, आणि तिने प्रेक्षकांत पाहिलं.

‘‘आई... मतलब, तू?’’

‘‘अगं, शनिवार ना आज,’’ जयंतीताईंचा चेहरा पांढराफटक पडला. ‘‘मला वाटलं, तेल तर लावतातच की!’’

व्यायामशाळेचे एक कारभारी शामरावांच्या कानाशी लागले, ‘‘आपलीच माणसं आहेत. कुणी केलं कळलं नाही म्हणू, मिटवून टाकू.’’

ज्ञानदाने ते ऐकलं. ‘‘नाही काका. माझ्या आईने केलं. चुकून केलं, पण केलं. तुम्ही लिहा.’’

शामरावांनी लिहिलं. तपासलेल्या खांबाला खेळाडूच्या घरच्यांनी हात लावला, म्हणून नियमाप्रमाणे ज्ञानदाचे गुण कापले. मला पीठ चोळून, पुसून कोरडं केलं आणि पंचांनी पुन्हा तपासलं. हारुका इतकी सुरेख खेळली की माझंही मन भरलं. सुवर्ण तिला मिळालं. ज्ञानदा चौथी आली. तिला काहीच मिळालं नाही.

जयंतीताई माझ्याच पायथ्याशी बसून रडत होत्या. ‘‘माझ्यामुळे गेलं गं तुझं पदक.’’

‘‘आई, ती पडली असती तर? तिची पण आई आली होती ना बघायला.’’ एवढं बोलून पोर स्वतःच आईच्या कुशीत शिरली आणि हुंदके देऊन रडली.

आता मी परत तिलक नगरात आहे. ज्ञानदा रोज येते. जयंतीताई शनिवारी येतात, हातात एक जुनं मऊ लुगडं असतं. मला वरपासून खालपर्यंत कोरडं पुसतात आणि विचारतात, ‘‘चढणारं लेकरू कुणाचं का असेना, घसरणार नाही ना रे?’’

बाबांनो, खेळ कुठलाही भरवा, पण सुरू करण्याआधी एवढं विचारत जा.